घट, खिरापत आणि किल्ला: चिखलाला हात न लावणाऱ्या एका मुलाचं आश्विन

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका गावात जुन्या वाड्याच्या ओसरीवर आणि मागच्या परसात ही बालवाडी भरते. तीन ते पाच वर्षांची वीसेक मुलं, एक ताई आणि मदतीला एक मावशी. कुणाच्या घरी शेती, कुणाचं बाजारपेठेत दुकान, कुणाचे वडील एमआयडीसीत. मी या भागातल्या बालवाड्यांच्या तायांबरोबर काम करते, त्यामुळे २०२४च्या आश्विनात इथे जे घडलं ते जवळून पाहता आलं. ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ज्या मुलाभोवती हे प्रकरण फिरतं त्याला सोनू म्हणू.

त्या वर्षी घटस्थापना ३ ऑक्टोबरला, दसरा १२ला, कोजागिरी १६ला आणि वसुबारस २८ला होती. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत जेमतेम तीन-साडेतीन आठवडे हातात. ताईंनी या काळासाठी स्पर्श, वास आणि आवाजाच्या खेळांचा आराखडा केला होता. पहिला मसुदा मोबाइलवर पाहिलेल्या चित्रांवरून उतरला होता: लाल-पिवळ्या वाळक्या पानांचा ट्रे, भोपळ्याचा गर, रंगवलेले तांदूळ, चमकी मिसळलेला चिकट गोळा. पण परसात पाहावं तर एकही झाड पानं गाळत नव्हतं. आपल्याकडची पानगळ शिशिरातली. शरदात पाऊस ओसरत आलेला असतो, ऊन चटका देतं, कुंपणाला तेरडा असतो, झेंडू फुललेला असतो आणि शेतातून बाजरीची कणसं, भुईमुगाच्या ओल्या शेंगा घरी येत असतात. मुलांच्या हाताला, नाकाला या दिवसांत जे खरोखर लागतं, ते त्या मसुद्यात कुठेच नव्हतं.

मसुदा बदलायचं ताईंनी स्वतःच ठरवलं आणि मला ते फार पटलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे कोसबाडला ते काम वाढवलं, आणि आदिवासी पाड्यांवर भोवतालच्या बिया, पानं, दगड, शिंपले हीच शिक्षणाची साधनं मानली. ती वाट आपल्या दाराशी असताना विकतची चमकी आणायचं कारण नाही. नव्या आराखड्यात सणातलीच वस्तू घ्यायची ठरली: घटाची माती आणि धान्य, भोंडल्याची खिरापत, आपट्याची पानं, झेंडू, कोजागिरीच्या दुधाचा मसाला, रांगोळी, उटणं आणि शेवटी परसात मातीचा किल्ला.

अडचण

घटस्थापनेच्या दिवशी ओसरीवर मोठी परात ठेवली होती. शेतातून आणलेली काळी माती, तांब्यात पाणी, वाटीत गहू, ज्वारी, हरभरा. मुलांनी माती कालवायची, टोपलीत पत्रावळ घालून त्यावर ती पसरायची आणि धान्य पेरायचं. बहुतेक मुलं कोपरापर्यंत मातीत बुडाली. चार वर्षांचा सोनू मागे भिंतीला टेकून उभा होता. शेजारच्या मुलीने आनंदाने आपला चिखलाचा हात त्याच्या दंडावर ठेवला आणि तो किंचाळला. दंड भिंतीवर घासत राहिला, कातडी लाल झाली, उमाळे आले. मावशीने कोरड्या पंचाने पुसलं तेव्हा कुठे श्वास जागेवर आला. दुसऱ्या दिवशी तो फाटकाच्या आत यायला तयार नव्हता.

त्याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी घडल्या. तीन वर्षांच्या एका मुलाने हरभऱ्याचा दाणा नाकपुडीत सरकवला. मावशीचं लक्ष होतं. तिने चिमट्याने किंवा काडीने काढायचा प्रयत्न न करता त्याला थेट डॉक्टरांकडे नेलं आणि दाणा सुखरूप निघाला. असे दाणे ओल लागली की फुगतात, आणि घरच्या घरी खुपसाखुपसी केली तर आणखी आत जातात. तिची ही समज फार मोलाची ठरली.

दुसरी गोष्ट एका आजींची. नातीला सोडायला आल्या असताना पहिल्या मसुद्यातून राहून गेलेला रंगवलेल्या तांदळाचा ट्रे त्यांनी पाहिला आणि तिथेच थांबल्या. "बाई, राग मानू नका, पण अन्नाशी खेळायचं नसतं. पायदळी जातंय ते. आमच्या घरात असं चालत नाही." ताईंनी ऐकून घेतलं, ट्रे उचलून आत ठेवला.

समोरचे पर्याय

शनिवारी मुलं गेल्यावर ताई, मावशी आणि मी बसलो. सोनूचे आईवडीलही आले होते.

वडिलांचं म्हणणं सरळ होतं. "बाई, एकदा धरून त्याचा हात घाला चिखलात. दोन दिवस रडेल, मग मोडेल सवय." हे ते रागाने बोलत नव्हते. मुलगा शेतकऱ्याच्या घरचा आणि मातीला शिवत नाही, ही त्यांना खरीच काळजी होती. आईचं मत उलट. त्याला या खेळांतून वगळावं, त्याने आत बसून चित्रं रंगवावीत. ताईंच्या मनात हातमोजे होते. मावशी म्हणाली, "पळी द्या त्याला. उलथनं द्या. हातच कशाला पाहिजे?"

आईला आम्ही थोडं विचारत गेलो तेव्हा चित्र स्पष्ट झालं. नखं कापताना आरडाओरडा. केस कापणं म्हणजे घरभर धावपळ. मिक्सर लागला की कानावर हात. भात चालतो, पण वरण कालवलेला नाही. आणि नरकचतुर्दशीची अंघोळ दरवर्षी रडारडीत. उटण्याचा हात लागला की तो न्हाणीघरातून पळतो. चिखलाची नावड हा या साखळीतला एक दुवा होता.

हात धरून चिखलात घालायचा पर्याय आम्ही ठामपणे बाजूला ठेवला, आणि वडिलांना त्याचं कारण नीट सांगितलं. काही मुलांना स्पर्श इतरांपेक्षा फार तीव्र जाणवतो. त्यांना जबरदस्ती केली की त्यांच्या मनात चिखलाबरोबर हात धरणारं माणूसही नकोसं होऊन बसतं. सोनू फाटकाबाहेर थांबू लागला होता, हे त्याचंच लक्षण. वगळणंही नको होतं, कारण सण हा एकत्र असण्याचा काळ, आणि त्यातून उठवून आत बसवलेलं मूल स्वतःला वेगळं समजू लागतं. हातमोज्यांचा विचार ताईंनी स्वतःच सोडला. रबर घामाने आतून ओलसर होतं, म्हणजे नको असलेली गोष्ट आत कोंडल्यासारखं. राहिली मावशीची पळी.

मग ठरलं ते असं. सोनूला रोज प्रत्येक खेळात जागा असेल, पण किती जवळ यायचं ते तो ठरवेल. त्याच्या खांद्यावर कायम कोरडा पंचा आणि त्याच्या हाताशी पाण्याची बादली. कुणीही त्याला "लाव ना हात" म्हणणार नाही, मोठ्यांनी नाही आणि मुलांनीही नाही. खेळ कोरड्याकडून ओल्याकडे जातील, आणि स्पर्शाआधी वास नि आवाज येतील. त्याच बैठकीत बालरोगतज्ज्ञांना दाखवायचंही ठरलं. सरकारी व्यवस्थेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारी केंद्रं. तिथपर्यंत जायची वेळ आली तर कसं जायचं, हेही आईला समजावून सांगितलं.

धान्याचं काय केलं

आजींचा आक्षेप ताईंनी मनावर घेतला, आणि माझ्या मते तो घ्यायलाच हवा होता. ज्या घरात ताटातलं शीत सांडू देत नाहीत, त्या घरातल्या मुलीने शाळेत तांदूळ उधळायचा, यात तिची ओढाताण होते. पण धान्य पूर्ण बंद केलं तर आश्विनातली सगळ्यात जिवंत वस्तूच हातातून जाते. ताई दुसऱ्या दिवशी आजींकडे गेल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुम्हीच या आणि मुलांना धान्य कसं हाताळायचं ते दाखवा."

आजी सूप घेऊन आल्या. पाखडताना सुपाचा तो ठेका, उडणारा कोंडा, नाकात शिरणारा धान्याचा भुरका वास, सगळी मुलं टक लावून बघत राहिली. मग त्यांनी खडे वेचायला दिले. मुलं ताटलीभर बाजरीत बोटं फिरवत होती, चिमटीने खडा उचलत होती. हाताच्या कौशल्याचं काम तेच होतं, पण आता त्याला कारण होतं. शेवटी धान्य आजींच्या कोंबड्यांना गेलं. रंगवलेल्या तांदळाची गरज पुन्हा भासली नाही.

सुरक्षिततेचे नियम त्याच वेळी कडक झाले. हरभरा, शेंगदाणे, वाटाणे यांसारखे दाणे तीन वर्षांच्या गटातून काढून टाकले. कच्चा राजमा सगळ्यांसाठीच बंद, कारण तो न शिजवता पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. फुलं आणायला सांगितल्यावर कुणीतरी कण्हेरीची फुलं आणली होती. ती लगेच वेगळी काढून पालकांना निरोप गेला. कण्हेर विषारी आहे, आणि तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलांच्या टोपलीत तिला जागा नाही. माळ ओवायला गुंजा दिसतात सुंदर, पण त्यांचंही तसंच.

खिरापतीचा डबा

सोनूच्या बाबतीत वळण आलं ते भोंडल्याच्या दिवशी. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर. गाणी सुरू झाल्यावर तो ओसरीच्या टोकाला जाऊन बसला. गलका त्याला सोसत नव्हता. फेर संपला आणि खिरापत ओळखायची वेळ आली. ताईंनी ती नेहमीपेक्षा संथ केली. एका वेळी एकच डबा, एकच मूल, बाकी सगळे गप्प. डबा कानाशी धरून हलवायचा, झाकण किंचित उघडून वास घ्यायचा आणि सांगायचं.

डबा सोनूपर्यंत तो बसला होता तिथेच नेला. पहिला त्याने हलवला आणि म्हणाला, "चुरमुरे." बरोबर. दुसरा हलवला, वास घेतला, "खोबरं. साखर पण आहे." तिसऱ्याचा आवाजच येईना. त्याने पुन्हा हलवला, कान लावला आणि म्हणाला, "आवाज नाही, म्हणजे ओलं आहे." आत केळ्याचं शिकरण होतं.

वर्गात हे कुणालाच सुचलं नव्हतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्याने कानावर हात घेतले, पण तो हसत होता. दुसऱ्या दिवशी फाटकातून तो स्वतः आत आला आणि विचारलं, "आज डब्यात काय?" ज्या तीव्र जाणिवेमुळे त्याला चिखल असह्य होतो, त्याच जाणिवेने त्याला डब्यातलं इतकं नेमकं ऐकू येत होतं. ताईंनी पुढचे सगळे डबे भरायचं काम त्याच्याकडे सोपवलं. कोजागिरीच्या आधी वेलची, जायफळ आणि केशराचा वासाचा खेळ झाला, तोही त्यानेच चालवला.

दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडून आणायच्या नाहीत, प्रत्येकाने दोनच पानं, असा निर्णय झाला. शेजारी कांचनाची पानं ठेवली होती. दोन्हींना मधे खाच, दोन्ही दुपाळ, पण आपट्याचं पान लहान, जाड आणि चामट, तर कांचनाचं मोठं आणि पातळ. डोळे मिटून बोटांनी वेगळं करायचं. हा कोरडा खेळ सोनू इतर मुलांच्या मांडीला मांडी लावून खेळला.

रांगोळीत थोडं अडखळलो. बाजारातली रांगोळी दगडाच्या भुकटीची असते. छोट्या खोलीत वीस मुलांनी ती उडवली की धूळ नाकातोंडात जाते, दोन मुलं खोकायला लागली. ताईंनी ती लगेच बंद करून जाडसर तांदळाची पिठी आणली आणि खेळ परसात नेला. आजींना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "पिठाची चालते की. मुंग्यांच्या पोटात जातं ते."

किल्ला

सुट्टीआधीच्या आठवड्यात परसात किल्ला उभा राहिला. विटा आणि दगडांचा डोंगर, त्यावर चिखलात बुडवलेली गोणपाटं, वर लाल मातीचा लेप. चिखलाचं काम सात-आठ मुलांनी अंगावर घेतलं. सोनूने दगड आणले. कोरडे, बऱ्यापैकी वजनाचे दगड एकेक करून फाटकापासून परसापर्यंत. उचलणं, ओढणं, ढकलणं अशा जड कामांनी अशी मुलं बरीच शांत होतात, हे ऑक्युपेशनल थेरपिस्टही, म्हणजे रोजच्या हालचाली आणि स्पर्शाच्या अडचणींवर मुलांबरोबर काम करणारे तज्ज्ञही सांगतात. इथे तर त्या कामाची खरी गरज होती. तटबंदी त्याच्या दगडांची झाली.

मग हळीव पेरायचं आलं. हळीव भिजलं की बुळबुळीत होतं, आणि काही मुलांना तेच हवं होतं. त्यांच्यासाठी वाटीत भिजवलेलं वेगळं ठेवलं. सोनूने त्या वाटीकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. त्याला कोरडं हळीव आणि चमचा दिला. ओल्या मातीवर त्याने चमच्याने ते सगळीकडे भुरभुरलं आणि झारीने पाणी घातलं. तीन-चार दिवसांत हिरवं लुसलुशीत आलं. त्याने वाकून तळव्याने त्या कोंबांवरून हात फिरवला. खालचा चिखल बोटाला लागला. सगळे मोठे श्वास रोखून बघत होते, पण ठरल्याप्रमाणे कुणी काही बोललं नाही. त्याने पंचाला बोट पुसलं आणि पुन्हा हात फिरवला.

काय झालं

सुट्टी लागली तेव्हा सोनू पंचा जवळ असेल तर बोटाच्या टोकाने ओली माती सोसत होता. एका दिवशी जमलं, दुसऱ्या दिवशी नाही, असंही झालं. कणकेला त्याने हात लावला नाही. फेर धरला नाही. पण फाटकाशी अडणं थांबलं, आणि बालवाडीत त्याचं नाव 'डबेवाला' पडलं होतं, ते त्याला आवडायचं.

घरी अभ्यंगस्नान कसं करायचं यावर ताई आणि आई बोलल्या होत्या. आदल्या दिवशी कोरडं उटणं त्याच्या हातात दिलं. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गुलाबकळी यांचे वास ओळखायला लावले. सकाळी आईने आधी तेल लावलं, हलक्या हाताने नव्हे, तर तळवा दाबून एकाच दिशेने. निसटता स्पर्श अशा मुलांना जास्त झोंबतो, दाबाचा स्पर्श बराच सुसह्य वाटतो. उटणं त्याने स्वतःच फक्त हातापायांना लावलं आणि पाठ राहू दिली. फटाक्यांच्या वेळी तो आतल्या खोलीत आजोबांजवळ होता. वडिलांनी गल्लीतल्या मुलांना दारासमोर सुतळी बॉम्ब लावू नका, म्हणून सांगितलं. आईने हे फोनवर सांगितलं तेव्हा मला त्या वडिलांचं खरंच कौतुक वाटलं. 'हात धरून घाला' म्हणणारा माणूस तीन आठवड्यांत इथवर आला होता.

बालरोगतज्ज्ञांनी तपासून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवलं. ते काम त्यांचं. बालवाडीने निदान करायचं नसतं, आणि ताईंनी सोनूवर कुठलंही लेबल लावलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुन्हा करायचं तर

क्रम उलटा हवा. घटस्थापनेला पहिल्याच दिवशी ओली काळी माती, म्हणजे सगळ्यात अवघड स्पर्श सगळ्यात आधी आला. भाद्रपद संपता संपता कोरडी माती चाळणं, ढेकळं फोडणं आणि मातीवर पाणी शिंपडून नुसता वास घेणं, एवढं झालं असतं तर घट बसवायच्या दिवशी सोनू कुठे उभा राहतो ते निदान आधी कळलं असतं.

पालकांना चार प्रश्न जूनमध्येच विचारता येतात. नखं कापू देतो का, केस विंचरू देतो का, कोणत्या आवाजाला घाबरतो, कोणतं खाणं तोंडात घेत नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर जन्मतारखेखाली एवढी जागा सहज मावते, आणि ताईंनी आता ती केली आहे.

भोंडल्याच्या फेराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. गलका कमी केला तर भोंडला भोंडला राहत नाही, आणि बाकीच्या मुलींचा तो हक्काचा आनंद आहे. पुढच्या वेळी फेर परसात धरायचा आणि ओसरीवर खिरापतीची जागा ठेवायची असा विचार आहे, म्हणजे सोनूसारख्या मुलाला ऐकू येईल इतकं लांब आणि दिसेल इतकं जवळ बसता येईल.

किल्ल्याच्या मातीचंही ठरवायला हवं. परतीच्या पावसाने ढीग भिजला आणि एक दिवस नुसता रेंदा हाताळावा लागला. माती आधी आणून, कुत्र्या-मांजरांची घाण नाही हे पाहून, उन्हात वाळवून पत्र्याखाली झाकून ठेवायची. मावशीने त्यासाठी कोपरा मोकळा केला आहे, आणि गोणपाटं धुऊन माळ्यावर टाकली आहेत.